दर कुणी सांगायचा? सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू

आजचा विषय मोठ्यांसाठी आहे. गाडीत मागच्या सीटवर लहान मुलं असतील, तर हा भाग नंतर सवडीनं ऐका. अश्लील असं त्यात काही नाही, पण मुलांनी प्रश्न विचारले तर तुमची पंचाईत व्हायची.

सुरुवात आमच्या जेवणाच्या टेबलावरून करते. सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेला येणार होत्या. मी इथून लॅपटॉपवर त्यांचा व्हिसाचा अर्ज भरत होते आणि त्या फोनवरून उत्तरं देत होत्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो डीएस-१६० अर्ज भरला असेल. शेवटी शेवटी प्रश्नांची एक रांगच येते. दहशतवादी आहात का, अमली पदार्थ विकता का, आणि मग वेश्याव्यवसाय करण्यासाठी अमेरिकेत येत आहात का, किंवा गेल्या 10 वर्षांत केला आहे का? मी पटापट "नाही, नाही" करत पुढे चालले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब गं. काय काय विचारतायत ते मला नीट वाचून दाखव."

मी वाचलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "सत्तरीच्या बाईला हे विचारतात? आणि का गं, एवढी कसली भीती वाटते यांना?"

"अहो आई, सगळ्यांनाच विचारतात. फक्त 'नाही'वर टिक करायची," एवढंच मी म्हणाले. पण त्यांचा 'का' माझ्या डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधत गेले, तर वाटेत निराळाच प्रश्न भेटला. या धंद्यातल्या बाईचा दर नेमका कोण ठरवतं? ती, घरवाली, पोलीस की सरकार? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे आपल्यातले कितीतरी जण आज राहतात त्या गावांत, या एका प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षं ओढाताण चाललेली आहे.

तर सासूबाईंच्या प्रश्नापासून. अर्जातल्या त्या ओळीचं मूळ 1875 सालच्या 'पेज अॅक्ट'मध्ये आहे. होरेस पेज हे कॅलिफोर्नियाचे काँग्रेसमन. वेश्याव्यवसायासाठी बायका देशात आणायला त्यांच्या कायद्यानं बंदी घातली. त्याचा रोख मुख्यतः चिनी बायकांवर होता. हाँगकाँगमध्ये बोटीत चढण्याआधीच अमेरिकी अधिकारी बायकांची उलटतपासणी घ्यायचे. चांगल्या घरच्या, नवऱ्याकडे निघालेल्या बायकाही त्यात अडकायच्या. पुढे कायदे बदलले, कलमं बदलली, प्रश्न टिकला. आज तो सोलापूरच्या निवृत्त शिक्षिकेलाही विचारला जातो.

पण 1875 च्याही आधी, चिनी बाई सॅन फ्रान्सिस्कोत आपला दर स्वतः सांगत होती. तिचं नाव आह टॉय.

सोन्याची धावपळ नुकतीच सुरू झाली होती, त्या दिवसांत ती हाँगकाँगहून आली. वय विशीच्या आसपास. शहरात पुरुषच पुरुष, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि चिनी बायका तर जवळपास नाहीतच. तिनं एक खोली घेतली आणि आपला दर जाहीर केला: एक औंस सोनं. तेव्हाच्या हिशेबानं 16 डॉलर. आणि तेही, सांगतात, नुसतं तिचं मुखदर्शन घेण्यासाठी! खाणीतून आलेले लोक दारापुढे रांग लावायचे. सोन्याची भुकटी तराजूत तोलून द्यायची आणि आत जायचं.

आता तराजू आला की लबाडीही आली. काही गिऱ्हाईकांनी सोन्याच्या भुकटीऐवजी पितळेचा कीस दिला. आह टॉयनं काय करावं? ती कोर्टात गेली. चिनी मातीच्या भांड्यात तो पितळेचा कीस घेऊन न्यायाधीशासमोर उभी राहिली. कुणी पैसे बुडवले, कुणी त्रास दिला, की ती वारंवार कोर्टाची पायरी चढायची. हाँगकाँगहून एका माणसानं दावा लावला, की ही माझी पळून आलेली बायको आहे, परत पाठवा. तेव्हाही कोर्टात तिनं सांगितलं, की मी माझ्या मर्जीनं, माझी परिस्थिती सुधारायला आले आहे. ती सॅन फ्रान्सिस्कोतच राहिली. चिनी वस्तीतल्या एका पुढाऱ्यानं तिच्याकडून आणि तिच्यासारख्या बायकांकडून पट्टी वसूल करायला सुरुवात केली, तेव्हा त्यालाही तिनं कोर्टाचीच धमकी दिली.

इथे मी थोडी थांबते, कारण माझ्या मते सगळा इतिहास या पितळेच्या किसात आहे. "एक औंस" हा दर तोंडानं कुणीही सांगेल. तो टिकतो कधी? बुडवणाऱ्याविरुद्ध तक्रार ऐकायला कुणी बसलेलं असेल तेव्हा. भाजीवालीच्या भावामागेसुद्धा बाजार समिती असते, वजनमाप खातं असतं, निदान आजूबाजूचे चार गाळेवाले तरी असतात. आह टॉयमागे कोर्ट होतं. 1854 पर्यंत.

त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 'पीपल विरुद्ध हॉल' या खटल्यात निकाल दिला. जॉर्ज हॉल या गोऱ्या माणसाला लिंग सिंग या चिनी खाणकामगाराच्या खुनाबद्दल शिक्षा झाली होती, ती चिनी साक्षीदारांच्या साक्षीवर. न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. कारण काय, तर चिनी माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालणार नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोनं कुंटणखान्यांविरुद्ध वटहुकूम काढला आणि तो मुख्यतः चिनी आणि लॅटिन बायकांवरच बजावला. आह टॉयच्या हातातलं हत्यार गेलं. दर सांगायला तोंड होतं, पण बुडवणाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला तोंड नव्हतं. 1857 च्या सुमाराला तिनं हा व्यवसाय आवरला.

तिला देवी करायची माझी इच्छा नाही. मध्यंतरी ती स्वतःच घरवाली झाली होती, आणि तिनं चीनमधून मुली आणवल्या असं नोंदवलेलं आहे. त्या मुलींना दर सांगायची मुभा नव्हतीच. त्यानंतरच्या काळात तर चिनी मुलींकडून चार-पाच वर्षांचे करार अंगठा उठवून घ्यायचे. त्या करारात प्रवासाचा खर्च कर्ज म्हणून लिहिलेला, मजुरी शून्य, आणि आजारपणाचे दिवस वाढले की कराराची मुदतही वाढलेली. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे नवं वाटायचं नाही.

आता एकदम पुढे, पण शहर तेच. 25 जानेवारी 1917. रेव्हरंड पॉल स्मिथ या मेथडिस्ट धर्मगुरूंनी सॅन फ्रान्सिस्कोतला वेश्याव्यवसाय बंद करण्याची मोहीम उघडली होती. त्या दिवशी जवळजवळ 300 बायका चांगले कपडे घालून, टोप्या घालून थेट त्यांच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्या वतीनं रेगी गॅम्बल नावाची घरवाली बोलली. म्हणणं सरळ होतं: तुम्ही आमचं घर बंद करणार, मग आम्ही जायचं कुठे? तुमच्या मंडळींपैकी कोण आम्हाला कामावर ठेवणार? किती जणींना मुलं आहेत असं विचारलं, तेव्हा कितीतरी हात वर झाले. पगाराचा विषय निघाला. पाद्रीबुवांनी किमान वेतनाची, आठवड्याला 10 डॉलरची गोष्ट काढली. बायका हसल्या. एवढ्यात पोराबाळांसकट भागत नाही, हे त्यांना चर्चमधल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. दुकानात किंवा गिरणीत त्याहूनही कमी मिळायचं.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. दर हा बाईच्या मनाचा खेळ नाही, तो समोरच्या पर्यायाशी बांधलेला असतो, हे त्या दिवशी चर्चच्या बाकांवर बसून सांगितलं गेलं. ऐकलं किती गेलं? तीन आठवड्यांनी, 14 फेब्रुवारीला, पोलिसांनी बार्बरी कोस्टची नाकेबंदी करून घरं बंद केली.

आता होनोलुलू. तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत हवाईला जाऊन आला असाल. वायकिकीच्या किनाऱ्यावरून चायनाटाउनमधल्या हॉटेल स्ट्रीटला जाऊन जेवूनही आला असाल. 1942 साली याच रस्त्यावर भर उन्हात सैनिक आणि खलाशांच्या रांगा लागलेल्या असायच्या. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर लष्करी राजवट होती, रात्री संचारबंदी आणि ब्लॅकआउट, म्हणून हा धंदा दिवसाच चालायचा.

कायद्यानं तो बंदच होता. 1941 साली अमेरिकी काँग्रेसनं 'मे अॅक्ट' करून लष्करी तळांजवळचा वेश्याव्यवसाय हा केंद्रीय गुन्हा ठरवला होता. पण होनोलुलूत पोलीस आणि लष्कर मिळून 15 च्या आसपास घरं चालू देत होते. सुमारे 250 बायका पोलिसांकडे नोंदलेल्या. वर्षाला 1 डॉलर भरून परवाना, आणि त्यावर व्यवसाय लिहिलेला: 'मनोरंजन करणारी'. बहुतेक जणी अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या गोऱ्या बायका. बोटीवरून उतरताच पोलीस बोटांचे ठसे घ्यायचे आणि नियम सांगायचे. वायकिकीच्या समुद्रावर जायचं नाही. गाडी किंवा घर विकत घ्यायचं नाही. सैनिकाशी लग्न करायचं नाही. रात्री कुंटणखान्याबाहेर राहायचं नाही. टॅक्सीत पुढच्या सीटवर बसायचं नाही. हो, हेसुद्धा लिहिलेलं होतं.

आणि दर? 3 डॉलर. वेळ साधारण 3 मिनिटं. त्यातला 1 डॉलर घरवालीचा, 2 बाईचे, आणि त्या 2 मधून तिचा खोली-जेवण-धुलाईचा खर्च. एकेक बाई दिवसाला 100 पर्यंत माणसं घ्यायची. हिशेब केला तर पैसा प्रचंड होता. वर्षाला 30 ते 40 हजार डॉलर मिळवणाऱ्या बायका होत्या, तेव्हा नोकरी करणाऱ्या बाईला वर्षाला 2000 मिळाले तरी ती स्वतःला भाग्यवान समजायची. दुसऱ्या बाजूनं पाहा: 1942 च्या जूनपर्यंत साध्या सैनिकाचा पगार महिन्याला 21 डॉलरपासून सुरू व्हायचा, नंतर तो 50 झाला. म्हणजे ते 3 डॉलर त्याच्याही खिशाला लागत होतेच.

युद्ध सुरू झालं, बेटावर माणसं वाढली, सगळ्याच वस्तूंचे भाव चढले. तेव्हा या बायकांनी आपला दर 5 डॉलर करायचा ठरवला. सैनिकांनी तक्रार केली. लष्करी पोलिसांचे प्रमुख मेजर फ्रँक स्टीअर यांनी बायकांना निरोप दिला, की मांसाचा भाव 3 डॉलरच राहील. बोलताना शब्द 'मांस' हाच वापरला होता. विषय संपला.

मला इथे आपल्या भाषेतले शब्द आठवले. गवयाला आपण 'बिदागी' देतो. व्याख्यात्याला 'मानधन'. डॉक्टरची 'फी'. मजुराची 'मजुरी'. आणि 'भाव' हा शब्द कांद्या-बटाट्याला. पैसे तेच, पण शब्दाबरोबर देणारा-घेणारा कोण वर, कोण खाली, हे ठरून जातं.

पण खरी गंमत पुढे आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूच्या या बायकांनी संप केला. जवळजवळ तीन आठवडे! हातात फलक घेऊन त्या पोलीस मुख्यालयासमोर आणि इओलानी राजवाड्यासमोर, म्हणजे लष्करी सरकारच्या दारात, उभ्या राहिल्या. तुम्हाला वाटेल मागणी 5 डॉलरची असेल. तशी ती नव्हती. मागणी होती, की आम्हाला कुंटणखान्याबाहेर, आवडेल तिथे घर घेऊन राहू द्या आणि शहरात मोकळेपणी फिरू द्या.

असं का? पर्ल हार्बरनंतरच्या दिवसांत जखमींसाठी जागा कमी पडली, तेव्हा या बायकांनी आपल्या खोल्या दिल्या आणि स्वतः शुश्रूषेला गेल्या. त्या गोंधळात पोलिसांचे जुने नियम सैल झाले आणि काही जणींनी बाहेर घरं घेतली. मग पोलीसप्रमुख विल्यम गॅब्रिएलसन यांच्या माणसांनी त्यांना हुसकावायला सुरुवात केली. बायका लष्कराकडे गेल्या, पोलीस आणि लष्करात अधिकारावरून जुंपली, आणि त्या फटीत या बायकांनी संपाचा पाय रोवला. लष्करी गव्हर्नर जनरल डेलॉस एमन्स यांना मध्ये पडावं लागलं. धंद्याची देखरेख पोलिसांकडे परत गेली, वैद्यकीय तपासणी चालू राहिली, पण बायकांना बाहेर राहण्याची आणि फिरण्याची मुभा मिळाली.

त्यातली जीन ओहारा नावाची बाई तर नियम मोडून मोडून प्रसिद्ध झाली. तिनं घर घेतलं, पोलिसांशी भांडली, आणि 1944 साली आपली हकिकत छापून पोलिसांच्या कारभाराचं वाभाडं काढलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर इन्ग्रॅम स्टेनबॅक यांनी सगळी घरं बंद केली. महिनाभरानं लष्करी राजवटही उठली.

होनोलुलूच्या बायकांकडे पैसा होता, पण दर त्यांचा नव्हता, पत्ताही त्यांचा नव्हता. आणि दोन्हीपैकी एकासाठीच भांडता येणार होतं, तेव्हा त्यांनी पत्ता निवडला. त्यांना कळत होतं, की बाहेर घर असेल तर नको त्याला नाही म्हणता येईल, काम सोडून निघताही येईल. 5 डॉलर मिळाले असते, तर त्यातला वाटा घरवालीनं खोलीच्या भाड्यात काढून घेतलाच असता. हा माझा अंदाज आहे, पण चाळीत भाड्यानं राहिलेल्या कुणालाही तो पटेल.

आता आजचं थोडक्यात सांगते. आज 'एस्कॉर्ट' म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारी प्रौढ बाई इथे आपला दर ताशी सांगते. तो सोबतीच्या वेळेचा दर, असं म्हणायचं. जाहिरातीत डॉलरऐवजी 'गुलाब' लिहिलेले असायचे, नाहीतर 'देणगी'. पुन्हा आपली बिदागीच म्हणा! कारण न्यूयॉर्कसारख्या पुष्कळ राज्यांत पैशाच्या बदल्यात शरीरसंबंधाची नुसती तयारी दाखवणं, होकार देणं हाच गुन्हा आहे. प्रत्यक्ष काही घडण्याची गरज नाही. म्हणजे दर स्पष्ट बोलला, की तोच पुरावा. साध्या वेशातला पोलीस गिऱ्हाईक बनून येतो आणि आकडा उच्चारला जाण्याची वाट पाहतो. पैसे बुडवले, मारहाण झाली, तर ही बाई पितळेचा कीस घेऊन कुणाकडे जाणार?

बरं, याच पैशावर आयकर मात्र लागतो. बेकायदा कमाईसुद्धा करपात्र आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1961 साली 'जेम्स' खटल्यात सांगितलं आहे. स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के करही तिला आपल्यातल्या कुठल्याही कन्सल्टंटसारखाच.

2018 च्या एप्रिलमध्ये सरकारनं बॅकपेज ही जाहिरातींची साइट जप्त केली आणि काही दिवसांतच 'फॉस्टा' कायद्यावर सही झाली. हेतू मानवी तस्करी रोखण्याचा, आणि तस्करी खरी आहे, भयंकर आहे, अल्पवयीन मुलींच्या हकिकती अंगावर काटा आणतात. पण स्वतःहून हे काम करणाऱ्या बायकांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईकाची आधी चौकशी करायची सोय त्याच साइटवर होती. ती गेल्यावर काही जणी रस्त्यावर गेल्या, काही पुन्हा दलालाकडे. आणि दलाल आला की दर त्याचा. 2021 च्या सरकारी लेखापरीक्षणात दिसलं, की त्या कायद्यातलं नवं फौजदारी कलम तोवर फक्त एका खटल्यात वापरलं गेलं होतं.

नेवाडाच्या ग्रामीण काउंट्यांत 1971 पासून परवानाधारक घरं आहेत. लास व्हेगासमध्ये नाहीत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. तिथे बाई आपला दर गिऱ्हाईकाशी स्वतः ठरवते, आणि साधारण निम्मा घराला जातो. मेन राज्यानं 2023 मध्ये विकणाऱ्या बाईवरचा गुन्हा काढला, विकत घेणाऱ्यावरचा ठेवला. भारतात 1956 च्या कायद्यानं कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत, पण प्रौढ बाईनं एकटीनं आपल्या मर्जीनं हे काम करणं हा गुन्हा नाही. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना हेच बजावलं, आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईला इतर कुणासारखंच वागवा असं सांगितलं.

सासूबाई आल्या, तीन महिने राहिल्या. एका रविवारी मी त्यांना सॅन होजेजवळच्या अल्व्हिसोला घेऊन गेले. खाडीकाठचं छोटं गाव, दलदल, पक्षी, जुन्या लाकडी इमारती. आह टॉयचा म्हातारपणचा काळ इथे गेला. ती खाडीवर येणाऱ्या लोकांना तिसऱ्या विकायची. शंभरी गाठायला थोडेच महिने उरले होते, तेव्हा 1928 मध्ये ती गेली.

सासूबाई मूळच्या मालवणच्या. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिसऱ्या मोजून देत असेल की वाट्यानं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही घरी आलो.